केस वाळेपर्यंत

"म्हाकू, ऊठ. कोकरं बघ."

आण्णाचा आवाज ऐकून मी घोंगडं बाजूला केलं. धुकं इतकं होतं की समोर बांधलेली घोडी दिसत नव्हती, नुसतं तिचं फुरफुरणं ऐकू येत होतं. मी कोकरांच्या जाळीपाशी गेलो. जाळी एका अंगाला आडवी झाली होती. मेखा उपटल्या होत्या. आत बायजा वैनी मातीत बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक कोकरू होतं. त्याची मान लोंबत होती. बाकीची आसपास पडली होती. दोन तर जागेवर नव्हतीच, त्यांच्या ठिकाणी ओढत नेल्याची खूण होती.

"सात," वैनी म्हणाल्या. "सातच्या सात माझी."

ती कोकरं खरंच त्यांची होती. ज्या मेंढ्यांना दूध आलं नाही किंवा ज्या विऊन मेल्या, त्यांची कोकरं वैनी शेळीच्या दुधावर जगवायच्या. ती मोठ्या कळपात तग धरत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी बिऱ्हाडाशेजारी वेगळी जाळी असायची. रात्री कुत्री पलीकडच्या अंगाला भुंकत होती. आम्हाला वाटलं, कोल्हं-खोकड असेल.

आण्णा वाकून मऊ मातीतले पंजे बघत होता.

"लांडगीण हाय," तो म्हणाला. "पिल्लावली हाय. ओढ्याच्या दरडीत तिचं भोक हाय, मला ठावं हाय. म्हटलं, ऱ्हाऊ दे, आपल्याला काय करायचंय. आता धुरी द्यायची."

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ धुळा. बायजा वैनी त्याची बायको. आणि चुलीपाशी विस्तू फुंकत बसली होती ती माझी बायको, ठकू. आम्ही धनगर. आम्ही चौघं आणि दोघा भावांची मेंढरं मिळून एक वाडा होता. वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री आणि पाठीवरचं बिऱ्हाड, ह्यालाच आम्ही वाडा म्हणतो. पाऊस सरला की गाव सोडायचं आणि माळामाळानं फिरायचं. त्या वर्षी पौषात आम्ही माणदेशातल्या एका मोठ्या माळावर उतरलो होतो.

ठकू जाऊन आता दोन वर्षं झाली. ही गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नाही. म्हणून मी सांगतो.

तो माळ बघून कुणी म्हणेल, इथं काय आहे? झाड म्हणाल तर ओढ्याकाठी चार बाभळी आणि एक हिवर. बाकी नुसतं गवत. पण पौषात ते गवत वाळून पिवळं होतं आणि वारा आला की सगळा माळ एका अंगाला झुकतो. सकाळी चंडोल वर जाऊन गातो, तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. पखुर्ड्या पाखरांचा थवा पाय जवळ येईपर्यंत उठत नाही, आणि उठला की माणूस दचकतो. आमची मेंढरं त्या गवतावर जगली, आणि मेंढरांवर आम्ही.

ती लांडगीण आम्ही दोघांनी आधी एकदा बघितली होती. आठ-दहा दिवस झाले असतील. दिवस मावळायला मी मेंढरं घेऊन येत होतो आणि ठकू पाण्याचा हंडा घेऊन. ती एकदम थांबली आणि माझ्या दंडाला हात लावला. समोरच्या टेकाडावर लांडगीण उभी होती. गवताचाच रंग. पोट खाली आलेलं, आचळं भरलेली. तिनं आमच्याकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं, आणि घाई न करता पलीकडं उतरली.

"लेकुरवाळी हाय," ठकू म्हणाली. एवढंच. पण त्या दिवशी भाकरी थापताना ती आपल्याशीच हसत होती.

सात कोकरांच्या त्या सकाळी ती हसत नव्हती.

आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. तोंडही दाखवत नाही, पदर पुढं ओढते. ठकू आणि आण्णा सात-आठ वर्षं एका वाड्यात राहत होते, एका चुलीवरचं खात होते, पण एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. काही सांगायचं तर मधे मी. दोघं हाकेच्या अंतरावर असले तरी मी.

"त्यास्नी इच्यारा," ठकू मला म्हणाली, "ती पिल्लं किती दिसाची असतील."

आण्णा चार हातांवर बसून भाकरी खात होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तरी मी वळून म्हणालो, "आण्णा, ती इचारती, पिल्लं किती दिसाची असतील."

"तिला म्हणावं, बारश्याला गेलतो तवा इचारायचं ऱ्हायलं."

मी ठकूकडं वळलो. ती म्हणाली, "ऐकलं म्या. त्यास्नी म्हणावं, धुरी देऊन बारकी मरतील. मोठी न्हाई मरायची. ती भाईर असती. पिल्लं मारलेली लांडगीण मग कुणाच्या वाड्याला सोडंल?"

"आण्णा, ती म्हणती..."

"कळलं. तिला म्हणावं, मोठीची बी येळ येईल. आणि म्हणावं, कोकरं बायजाची गेली. हिची गेली असती म्हंजी एवढं श्यानपण सुचलं नसतं."

ठकूचा हात थांबला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली. जे माझ्यातर्फेसुद्धा सांगता येत नसे, ते ती घोडीला सांगायची. आताही तिनं घोडीकडं तोंड केलं.

"खरं हाय बाई," ती घोडीला म्हणाली. "आमचं काय गेलंय. आमी फुकटचं खातो."

आण्णा उठला. त्यानं कुऱ्हाड घेतली आणि बाभळीचे काटे तोडायला ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला. जाताना मला म्हणाला, "गावात जाऊन पायलीभर मिरच्या आण. जुन्या चालतील. काट्यावर मिरची टाकून भोकाच्या तोंडाशी पेटवली की आत काय ऱ्हात न्हाई. वरनं दगड लावू."

बायजा वैनी त्या वेळी मेलेली कोकरं एका खड्ड्यात ठेवत होत्या. एकेकाच्या तोंडावरची माती पदरानं पुसून ठेवत होत्या.

मी गावात गेलो. दुकानदारानं विचारलं, "एवढ्या मिरच्या कशाला? जत्रा हाय का?" मी पैसे देऊन निघालो. परत आलो तेव्हा धुकं गेलं होतं आणि ऊन चढलं होतं. चुलीपाशी ठकू नव्हती. पाण्याचा मोठा हंडाही नव्हता.

"ठकू कुठं गेली?" मी वैनींना विचारलं.

"न्हायला."

"न्हायला? आज?"

"मला काय ठावं. फणी घेतली, शिकेकाई घेतली, हंडा डोक्यावर घेतला आणि गेली. जनाची न्हाई तर मनाची तरी असावी. हितं माझी सात लेकरं मातीत गेली आणि ही केस धुतीया."

मी आणि आण्णा काटे आणि मिरच्या घेऊन ओढ्याकडं निघालो. आण्णा पुढं होता. दरडीपासून शंभरेक पावलांवर तो एकदम थबकला, आणि दरडीकडं पाठ करून उभा राहिला.

मी पुढं बघितलं. दरडीत जिथं भोक होतं, बरोबर त्याच्या तोंडाशी ठकू बसली होती. केस सोडलेले होते. पाठीवरून, तोंडावरून, गुडघ्यापर्यंत. एका हातानं ती तांब्यानं पाणी घेत होती आणि एका हातानं केस चोळत होती.

आमच्यात बाई केस सोडून बसली असेल तर थोरला दीर तिकडं पाऊल टाकत नाही. बघतसुद्धा नाही. वडील माणसानं असं केलं तर भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा उरत नाही. आण्णानं माळाकडं तोंड केलं होतं आणि त्याची मान लाल झाली होती.

"ही काय तऱ्हा हाय, म्हाकू?" तो म्हणाला. "जा. उठव तिला."

मी गेलो. भोकाच्या तोंडाशी माती ताजी उकरलेली होती. हाडकं पडली होती. वास येत होता.

"ठकू, हे काय चाललंय?"

"दिसत न्हाई? न्हातीया."

"हितंच?"

"हितं आडोसा हाय."

"ऊठ. आण्णा खोळंबलाय."

"त्यास्नी म्हणावं, केस वाळल्याबिगर बाईमाणूस कशी येईल चारचौघांत?"

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "वैनीची सात कोकरं गेली. तुला काय वाटत न्हाई?"

"वाटतंय. माझ्या वाट्याची चार देते तिला. ती काळ्या कानाची बी देते. तिला आवडती ती." तिनं तोंडावरचे केस बाजूला केले. डोळे लाल होते. शिकेकाईनं की कशानं, ते मला कळलं नाही. "मला एक सांगा. आपण कुणाच्या रानात वाडा बसवतो, तवा त्याच्या बांधावरची शेंग तोडतो का न इचारता?"

"न्हाई."

"का?"

"दुसऱ्याची असती."

"मग हा माळ कुणाचा?"

"सरकारचा."

"सरकार हितं झोपतंय व्हय?"

तिनं तांब्यातलं पाणी केसांवर ओतलं.

"आपण दिवाळीला येतो, शिमग्याला जातो," ती म्हणाली. "बारा म्हैनं हितं कोण ऱ्हातं? पावसात कोण ऱ्हातं, उन्हात कोण ऱ्हातं? आपण पावणं हाय, अवो. पावण्यानं घरधनिणीची पोरं जाळायची?"

"घरधनिणीनं पावण्याची कोकरं खाल्ली."

"खाल्ली. म्या कुठं म्हणती, न्हाई खाल्ली. भाडं हाय ते. आवंदा जास्ती घेतलं तिनं. त्याचा मला बी राग हाय. पर म्हणून घर जाळायचं न्हाई."

मी आण्णाकडं परत गेलो. तो तसाच पाठ करून उभा होता.

"काय म्हणती?"

"केस वाळल्याबिगर येत न्हाई म्हणती."

"किती येळ लागतो केस वाळायला?"

"थंडीचं दिस हायत. केस बी लई हायत."

आण्णा दगडावर बसला, माळाकडं तोंड करून. त्यानं तंबाखू काढली. मीही बसलो. त्याच्या तोंडासमोर सगळा माळ पसरला होता आणि त्याला दुसरीकडं बघताच येत नव्हतं. मग तो म्हणाला, "आवंदा गवत बरं हाय."

"बरं हाय."

"वाळले का बघ."

मी मागं वळून बघितलं. ठकू हंड्यातून तांब्या भरत होती.

"परत पाणी वततीया," मी सांगितलं.

"आयला," आण्णा म्हणाला, आणि तोंडातलं थुंकला. मला वाटलं, तो हसतोय. पण त्याचं तोंड मला दिसत नव्हतं.

दिवस कलायला लागला तसा त्याचा धीर सुटला. "बायजाला बोलव," तो म्हणाला. "बाईमाणसाला तर रीत आड येत न्हाई. तिची कोकरं गेल्यात. तीच पेटवंल. तिला म्हणावं, केसाला धरून उठव त्या बयेला."

मी वैनींना बोलावून आणलं. त्यांनी आण्णाच्या पुढ्यातले काटे उचलून काखेत घेतले, मिरच्यांची पिशवी घेतली, काडेपेटी घेतली. त्यांचे हात कोकरांच्या रक्तानं अजून माखलेले होते. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तरातरा दरडीकडं गेल्या.

आण्णानं मान वळवली नाही. "काय करत्यात ते सांगत ऱ्हा मला."

"वैनी पोचल्या."

"मग?"

"भांडत्यात."

"भांडू दे. मग?"

"वैनीनं काटं टाकलं भोकाच्या तोंडाशी."

"मग?"

"ठकू काय तरी बोलती."

"काय?"

"ऐकू येत न्हाई एवढ्या लांबनं." खरंच येत नव्हतं. "ठकू उठली."

"उठली?"

"उठली. बाजूला झाली. केस बांधती. वैनीला भोकाकडं हात करून दाखवती."

आण्णा उठून उभा राहिला. पण वळला नाही. "पेटवलं का?"

"न्हाई. वैनी खाली वाकल्यात. काटं बाजूला केलं. आडव्या झाल्या. हात घातला आत."

"हात? कशापायी? चावंल की. आणि मग?"

"तशाच हायत."

"आणि मग?"

"तशाच हायत, आण्णा."

वैनी बराच वेळ तशाच पडून होत्या, खांद्यापर्यंत हात आत घालून, गाल मातीला टेकवून. ठकू त्यांच्या शेजारी उभी होती. मग वैनी उठल्या. लुगडं झटकलं. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मग वैनी आमच्याकडं आल्या, ठकू त्यांच्यामागं, डोक्यावरून पदर घेऊन.

"भोक मोकळं हाय," वैनी म्हणाल्या. "न्हेली तिनं पिल्लं."

"मोकळं?" आण्णा आता वळला. "सकाळी तर हुती. म्या पहाटं जाऊन कान लावलाय. कुईकुई ऐकलीया."

"आता न्हाईत."

"तुला काय कळतंय. सर. म्या बघतो."

तो दोन पावलं पुढं गेला. तेव्हा ठकू आडवी आली. तिनं पदर मागं केला. तोंड उघडं टाकलं आणि आण्णाच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

"आण्णा," ती म्हणाली.

आमच्या वाड्यात तिनं आण्णाला मारलेली ती पहिली हाक. आण्णाचं पाऊल हवेतच राहिलं.

"आण्णा, पिल्लं म्या घालवली. सकाळी म्या आले तवा ती त्वांडात धरून न्हेत हुती. येक येक. वड्याच्या पल्याड. तुमचा दिस मोडावा म्हणून म्या बसून ऱ्हायले. केस बी त्याच्यापायीच सोडलं. बायजाआक्कांस्नी बोलू नका. त्यांचा हात घालून बी उपेग नव्हता. जे केलं ते म्या केलं."

आण्णा तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं नजर खाली घातली, जशी रीत आहे तशी. तो माझ्याशी बोलला.

"म्हाकू, तुझ्या बायकूला सांग, आजपासनं चुली दोन. उद्या वाडं बी दोन. माझी मेंढरं मी येगळी काढतो."

"आण्णा, असं कसं..."

"सांग तिला."

सांगायची गरज नव्हती. ती तिथंच उभी होती.

दुसऱ्या दिवशी खरोखरच दोन वाडे झाले. दोघा भावांच्या मेंढरांना लाल आणि निळा रंग लावून आम्ही वेगळी केली. मेंढरांना ते कळेना, ती पुन्हापुन्हा एकमेकांत मिसळत होती. ठकूनं चार कोकरं, त्यात ती काळ्या कानाची, वैनींच्या जाळीत नेऊन सोडली. वैनींनी ती घेतली. आण्णा निघून गेला. पुढं कितीतरी वर्षं आम्ही एका माळावर उतरलो नाही. लग्नाकार्यात भेटायचो. भाऊबंदांत ठकूला नाव पडलं, लांडग्याची मावशी. बायका तोंडावर म्हणायच्या. "काय मावशे, भाचरं बरी हायत का?" ठकू म्हणायची, "बरी हायत. तुमची इचारपूस करत्यात."

आम्ही मात्र त्या माळावर जातच राहिलो. पुढच्या वर्षी एक मेंढी गेली. ठकू म्हणाली, "आवंदा भाडं रास्त हाय." एका शिमग्याला, गवत जळून गेलं तेव्हा, तिनं मला टेकाडावरून दोन तरणे लांडगे दाखवले. कडेनं चालले होते, एक पुढं, एक मागं. ती खाली बसून बघत राहिली, दिसेनासे होईपर्यंत. मी तिला कितीदा तरी विचारलं, घर फुटलं त्याचं तुला वाईट वाटत नाही का. ती म्हणायची, "वाटतंय की. पर जमलं ते बरंच जमलं."

दोन वर्षांमागं ती गेली. पोटात गाठ होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटपर्यंत तिचं डोकं ठिकाणावर होतं. दवाखान्याच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची, त्याचा तिला फार कंटाळा यायचा.

दहाव्याला आण्णा आणि वैनी आले. आण्णा आता वाकला आहे, काठी घेऊन चालतो. तो बाहेर मांडवात पुरुषांत बसला. वैनी आत आल्या. मी एकटाच होतो. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"भावजी, एक सांगायचं हाय," त्या म्हणाल्या. "तिला इचारून सांगणार हुते. ती सांगू देत न्हवती. आता कुणाला इचारू."

"सांगा, वैनी."

"ते भोक मोकळं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही, त्या कशाबद्दल बोलतायत.

"ठकी मला म्हणाली, आक्का, कोकरं तुमची गेल्यात. म्या आडवी येत न्हाई. हात घालून बघा, किती हायत ते, आणि मग पेटवा. म्या म्हटलं, बघते की. किती मरणार त्ये मोजून मला समाधान होईल, असं वाटत हुतं मला. म्या हात घातला. आत ऊब हुती, भावजी. त्यातलं एक माझं बोट चोखाया लागलं."

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं.

"शेळीचं दूध बोटाला लावून म्या कोकरं जगवायची ना. पहिले दोन-तीन दिस तसंच शिकवावं लागतंय. हाताला वास असंल. ते चोखतच ऱ्हायलं. दात बी नव्हतं आलेलं. म्या हात काढलाच न्हाई लई येळ. काढला तर पेटवावं लागलं असतं."

"मग तुम्ही खोटं बोललात."

"व्हय. आणि ह्ये बघाया निघालं. ह्यांस्नी कळलं असतं तर मला जित्तं ठेवलं नसतं. तवाचा सोभाव तुमास्नी ठावं हाय. मला माघारी माहेरी धाडली असती. मग ती आडवी आली. सगळं आपल्या अंगावर घेतलं. इतकी वर्सं घेतलं. लोक तिला मावशी म्हणायचे, तवा म्या बी हसायचे त्यांच्यात. ती माझ्याकडं बघायची सुदिक न्हाई, मला वंगाळ वाटू ने म्हणून."

बाहेर मांडवात आण्णा कुणाला तरी पाणी मागत होता. वैनी उठल्या.

"मला येक डाव खरं बोलायचं हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "मरायच्या आधी. चार माणसांत."

वैनी थोरल्या, त्यांच्या पाया पडायचा मान माझा. मी पडलो. त्या दिवसापर्यंत मी देवाचे आभार मानत होतो की मला अशी बायको मिळाली. त्या दिवसापासून माझ्या हात जोडण्यात आणखी एक बाई आली.

ह्या पौषात मी त्या माळावर गेलो. मेंढरं आता नाहीत, पोरगा टेम्पो चालवतो. त्यानंच मला नेऊन सोडलं. गवत चांगलं होतं. पखुर्ड्या उठल्या. ओढ्याच्या दरडीला गेलो तर भोक तिथंच होतं, आणि तोंडाशी माती ताजी होती. पंजे होते. मोठे, आणि त्यांच्यात बारके. मी खाली बसलो आणि रडलो. चांगलं रडलो. मग डोळे पुसून उठलो.

टेकाडाच्या वरच्या अंगाला पिवळं यंत्र चर खणत होतं. एक तरणा माणूस छत्री घेऊन उभा होता. चांगला होता बोलायला, त्यानं मला पाणी दिलं. म्हणाला, "बाबा, इथं झाडं लावायची आहेत. हजारो. पडीक जमीन आहे ना ही."

"पडीक न्हाई," मी म्हणालो.

"मग काय आहे इथं?"

मी त्याला गवत दाखवलं. तो म्हणाला, हो, गवत आहे. मी लांडग्यांचं सांगितलं. त्याला ते खरं वाटलं, पण तो म्हणाला, "माझ्या हातात नाही बाबा. सोमवारी गावात सभा आहे. साहेब येणार आहेत. तिथं कुणी सांगितलं तर ओढ्याकडची बाजू सोडतीलही. पण सांगणारं माणूस पाहिजे. इथं लांडगे असतात म्हणून बोटानं दाखवणारं."

मी घरी येऊन वैनींना फोन केला. त्या म्हणाल्या, मी येते, सभेत उभी राहते, हात घातला होता ते सांगते. "पर ह्यांस्नी आधी सांगा," त्या म्हणाल्या. "गावासमोर पहिल्यांदा ऐकाया लागू ने त्यास्नी. म्या सांगितलं तर माझ्या त्वांडातनं निघायचं न्हाई. तुमी भाऊ हाय."

आण्णाचं घर माझ्या घरापासून लांब नाही. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. एकदा तो झोपला होता. एकदा जागा होता, आम्ही चहा घेतला, गवताचं बोललो, आणि मी उठून आलो.

ओढ्याकडचे चर अजून खणलेले नाहीत. सभा सोमवारी आहे. आण्णाला मी अजून सांगितलेलं नाही.